शेकडा कशाचा?

व्याज, सूट, कर, परीक्षेतील गुण, जनगणनेतील साक्षरता या सर्वांची भाषा शेकडेवारीची आहे. ती रोज कानांवर पडते. तरी प्रत्यक्ष हिशेब मांडताना पुष्कळांची लेखणी अडते. वस्तुतः त्यासाठी निराळी सूत्रे पाठ करण्याचे कारण नाही. शेकडेवारी म्हणजे आपले जुने त्रैराशिकच होय. प्रमाणातील चार पदांपैकी एक पद येथे नेहमी शंभर असते, एवढाच काय तो विशेष.

त्रैराशिकाची रीत आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास सांगितली. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’त तिचा विस्तार आहे. ज्ञात असलेल्या तीन राशींना प्रमाण, फल आणि इच्छा अशी नावे आहेत. प्रमाण व इच्छा एकाच जातीची असावीत. फलाला इच्छेने गुणावे आणि प्रमाणाने भागावे, म्हणजे उत्तर येते. ३०० विद्यार्थ्यांपैकी २४० उत्तीर्ण झाले, तर १०० पैकी किती? २४० ला १०० ने गुणून ३०० ने भागले की ८० येतात.

येथवर सारे सोपे आहे. घोटाळा होतो तो शंभर कोणाच्या जागी मांडावयाचे, यात. शेकडा वीस सूट मिळून एक लुगडे २४० रुपयांस पडले. मूळ किंमत किती? कित्येकजण २४० चे शेकडा वीस, म्हणजे ४८, मिळवून २८८ सांगतात. परंतु सूट मूळ किमतीवर होती, दिलेल्या रकमेवर नव्हे. मूळ १०० असते तर ८० द्यावे लागते. म्हणून ८० ला १००, तर २४० ला किती? उत्तर ३०० येते.

हीच चूक कर्जात महाग पडते. सावकार शेकडा दहा दराने १००० रुपयांचा कागद करतो, वर्षाचे व्याज आधीच कापून घेतो आणि ९०० हातावर ठेवतो. वर्षअखेर ऋणको १००० फेडतो. वापरावयास मिळाले ९००, त्यांवर व्याज १००. तर १०० वर किती? अकरा पूर्णांक एक नवमांश. बोलला गेलेला दर दहाचा, प्रत्यक्षात पडलेला अकराहून अधिक.

यास्तव कागदावर सही करण्यापूर्वी शेकडा कशाचा, हे विचारून घ्यावे आणि मगच त्रैराशिक मांडावे.