हलकी मोटार आणि जड जुने इंजिन : 'हॉट रॉड' बांधणीचे तांत्रिक विवेचन

प्रस्तावना

जुनी, साधी मोटार घेऊन तिचा अनावश्यक भार उतरविणे, तिच्यात अधिक शक्तीचे इंजिन बसविणे आणि वेगासाठी तिला नव्याने घडविणे, या प्रकाराला 'हॉट रॉड' असे म्हणतात. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात ही परंपरा दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात रुजली. म्युरॉक येथील कोरड्या सरोवराच्या सपाट भूमीवर हौशी तरुण आपापल्या मोटारींचा वेग आजमावीत असत. 1937 मध्ये 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' ही संघटना स्थापन झाली आणि या उपक्रमाला शिस्त आली. 1949 मध्ये युटा राज्यातील बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर 'स्पीड वीक' सुरू झाला.

या परंपरेकडे केवळ हौस म्हणून पाहिले जाते. तथापि, हलक्या गाडीत जड इंजिन बसविले असता गाडीच्या प्रत्येक घटकावर कोणता परिणाम होतो, हा प्रश्न उपयोजित यांत्रिकीचा आहे. प्रस्तुत लेखात 1932 ची फोर्ड मोटार आणि क्रायस्लर कंपनीचे 'फायरपॉवर' इंजिन या जोडीच्या आधारे त्याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

इंजिन जड का असते?

1932 मध्ये फोर्डने सामान्य ग्राहकाला परवडेल असे आठ सिलिंडरांचे व्ही-8 इंजिन बाजारात आणले. त्याची क्षमता 221 घन इंच (सुमारे 3.6 लिटर) व शक्ती 65 अश्वशक्ती होती. त्याच्या झडपा सिलिंडरच्या ठोकळ्यातच बसविलेल्या असल्यामुळे वरचे झाकण सपाट व हलके असे. म्हणूनच त्याला 'फ्लॅटहेड' हे नाव पडले.

क्रायस्लरने 1951 मध्ये आणलेल्या फायरपॉवर इंजिनाची क्षमता 331 घन इंच (सुमारे 5.4 लिटर) व शक्ती 180 अश्वशक्ती होती. त्याचे ज्वलनकक्ष अर्धगोलाकार असल्यामुळे ते 'हेमी' या नावाने ओळखले जाते. या रचनेत आत येणाऱ्या मिश्रणाची झडप एका बाजूस व धूर बाहेर सोडणारी झडप समोरच्या बाजूस असते. त्यामुळे झडपा मोठ्या ठेवता येतात आणि इंजिनाचा 'श्वास' मोकळा होतो. मात्र दोन्ही बाजूंच्या झडपा हलविण्यासाठी प्रत्येक हेडवर दोन स्वतंत्र दांडे लागतात. परिणामी बिडाची हेड रुंद व वजनदार होतात. या इंजिनाचे वजन 300 किलोग्रॅमहून अधिक भरते, तर ज्या गाडीत ते बसवावयाचे ती संपूर्ण गाडी मुळात सुमारे एक टनाची. 1955 मध्ये शेव्हरोलेचे सुटसुटीत व हलके व्ही-8 इंजिन उपलब्ध झाल्यावर बहुसंख्य कारागीर तिकडे का वळले, हे यावरून समजते.

भाराची विभागणी

या फोर्डच्या पुढील व मागील आसांमधील अंतर 106 इंच, म्हणजे सुमारे 269 सें.मी. आहे. इंजिनाचे वजन 320 किलोग्रॅम आणि त्याचा गुरुत्वमध्य पुढील आसाच्या मागे 30 सें.मी. आहे असे मानू. आघूर्णांच्या नियमानुसार पुढील आसावर 320 × 239 ÷ 269, म्हणजे सुमारे 284 किलोग्रॅम भार येतो. तेच इंजिन आणखी 20 सें.मी. मागे सरकविल्यास हा भार सुमारे 260 किलोग्रॅम होतो. म्हणजे 24 किलोग्रॅमच्या लाभासाठी इंजिन व प्रवासी यांच्यामधील भिंत कापावी लागते आणि चालकाच्या पायांची जागा आक्रसते. शिवाय रुंद हेडमुळे स्टिअरिंगचा दांडा व धुराचे नळ यांना एकमेकांपासून दूर ठेवणे कठीण जाते.

सांगाडा व शक्तीचे वहन

मूळ सांगाड्याच्या लांब तुळया एका बाजूने उघड्या आहेत. उघडी तुळई वाकण्यास बऱ्यापैकी विरोध करते, परंतु पीळ सहन करण्याची तिची क्षमता फारच कमी असते. म्हणून उघड्या बाजूवर पोलादी पट्टी वेल्डिंग करून तुळई बंद पेटीसारखी केली जाते. यामुळे पिळास होणारा विरोध कित्येक पटींनी वाढतो.

दुसरी बाब सहज नजरेतून सुटणारी आहे. फोर्डच्या मूळ रचनेत गिअरबॉक्सकडून मागे जाणारा फिरता दांडा एका बंद नळीत असे. ही 'टॉर्क ट्यूब' मागील आसाला उलट पिळू देत नसे आणि चाकांचा रेटाही पुढे पोहोचवीत असे. नवे इंजिन व गिअरबॉक्स बसविताना बहुधा ही नळी काढून टाकली जाते. मागील पाटा आडवा असल्याने तो हे कार्य करू शकत नाही. त्यामुळे आस व सांगाडा यांना जोडणारे स्वतंत्र दांडे बसविणे अनिवार्य ठरते.

गती आणि थांबणे

1932 च्या फोर्डचे ब्रेक लोखंडी सळयांनी ओढले जात. द्रवदाबावर चालणारे ब्रेक फोर्डने 1939 मध्ये स्वीकारले. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 1,100 किलोग्रॅमची गाडी ताशी 80 कि.मी. वेगाने जात असताना तिची गतिज ऊर्जा सुमारे 2.7 लाख ज्यूल असते. ताशी 160 कि.मी. वेगाला ती सुमारे 10.9 लाख ज्यूल होते. ब्रेकना ही सर्व ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. त्यातच पुढे जड असलेली गाडी जोराने थांबविली असता मागील चाके हलकी होतात, ती आधी जखडतात आणि गाडी आडवी फिरण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून पुढील व मागील ब्रेकच्या बळाचे प्रमाण नव्याने ठरवावे लागते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, हॉट रॉडमध्ये इंजिन गाडीत बसविले जात नाही, तर इंजिनाभोवती गाडी पुन्हा उभारली जाते. शक्ती जवळजवळ पावणेतीन पट करण्याचा निर्णय एका दिवसात घेता येतो. त्याची किंमत मात्र सांगाडा, पाटे, आस व ब्रेक यांना चुकवावी लागते. यापैकी एकाही घटकाचा हिशेब राहून गेला, तर ती किंमत चालक अथवा रस्त्यावरील त्रयस्थ व्यक्ती चुकविते. भारतात मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 अन्वये निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे, त्यामागील कारणही हेच होय. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण शिकविताना 'गाडी किती वेगाने जाईल?' या प्रश्नाच्या आधी 'ती कशी थांबेल?' हा प्रश्न विचारण्याची सवय लावणे अगत्याचे आहे.