पदवी मिळाली, आता पुढे काय?

दरवर्षी उन्हाळ्यात ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील घराघरांत हाच प्रश्न निघतो. पूर्वी वाणिज्यासाठी १९१३ सालचे सिडनहॅम किंवा कायद्यासाठी १८५५ सालचे शासकीय विधि महाविद्यालय गाठावयाचे, तर मुंबईची गाडी धरावी लागे. पुढे १९६९ साली ठाण्यात जोशी-बेडेकर व १९७२ साली कल्याणात बिर्ला महाविद्यालय निघाले. महाविद्यालय दारी आले. प्रश्न मात्र दारातून हलला नाही.

प्रथम वाणिज्य पदवीधरांचे पाहू. सनदी लेखापालाचा व्यवसाय १९४९ च्या कायद्याने बांधलेला आहे. पदवीस किमान ५५ टक्के गुण असले म्हणजे पायाभूत परीक्षा टळते व थेट मध्यम पायरीवर नाव नोंदविता येते. पुढे दोन वर्षे एखाद्या लेखापालाच्या हाताखाली उमेदवारी करावयाची. त्या काळात मिळते ते विद्यावेतन, पगार नव्हे. तेव्हा घरखर्चाची जुळणी आधी करावी. परिव्यय लेखापाल व कंपनी सचिव या आणखी दोन वाटा. ज्यांना आपले गाव सोडावयाचे नाही त्यांनी सहकार खात्याची शासकीय सहकार व लेखा पदविका पाहावी. आपल्याकडे गल्लोगल्ली गृहनिर्माण संस्था आहेत व त्यांचे हिशेब दरवर्षी तपासावेच लागतात. आवश्यक तो अनुभव मिळविल्यावर हे काम करता येते.

आता कायद्याचे. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर विधि पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. मग महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे नोंदणी व अखिल भारतीय वकील परीक्षा. नोंदणीसाठी भरमसाट शुल्क घेण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये थांबविली. सर्वसाधारण उमेदवारास कायद्याप्रमाणे ७५० रुपये, ही मर्यादा गरीब घरच्या मुलास मोठीच सवलत होय. न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यांनी मात्र ध्यानात ठेवावे की, २० मे २०२५ च्या निर्णयाने त्याच न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. म्हणजे पदवी घेऊन थेट परीक्षेस बसण्याचा बेत त्या निर्णयाने बदलला. ही तीन वर्षे ठाण्याच्या वा कल्याणच्या न्यायालयात ज्येष्ठाच्या मागे फाइली उचलून काढली, तर ती वाया गेली असे आम्ही म्हणणार नाही.

दोन्ही विद्या जाणणाऱ्यास आज विशेष मान आहे. २०१६ ची दिवाळखोरी संहिता, त्याच वर्षीचा स्थावर संपदा कायदा, २०१७ चा वस्तू व सेवा कर. यांत आकडा आणि कलम एकमेकांना सोडून चालत नाहीत.

मात्र एकाच वेळी चार परीक्षांचे अर्ज भरणे म्हणजे चार विहिरी दोन-दोन हात खणणे. घर किती वर्षे थांबू शकेल आणि मुलाचे वा मुलीचे मन कशात रमते, हे दोन प्रश्न आईवडिलांनी आधी विचारावेत. शेजारच्याचा मुलगा काय करतो, हा तिसरा प्रश्न विचारू नये, एवढीच आमची विनंती.