मस्टरवरचं नाव

जबलपूरहून दिंडोरीच्या रस्त्याला लागलं की कुंडम येतं. नर्मदेला मिळणारी हिरण नदी याच भागात उगम पावते. जबलपूर जिल्ह्यातला हा आदिवासी तालुका, गोंडांची वस्ती मोठी. शेती पावसाच्या भरवशावर; पीक घरात आलं की पुढे हाताला काम काय, हा प्रश्न दरवर्षीचा. १ एप्रिल २००८ पासून रोजगार हमीचा केंद्रीय कायदा देशातल्या सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांना लागू झाला. त्याच्याबरोबर असंख्य खेड्यांत ‘जॉब कार्ड’ आलं आणि त्याच्या मागोमाग शब्दांचं अख्खं बिऱ्हाड: मस्टर रोल, डिमांड, मेट, पेमेंट, एफटीओ.

शब्द इंग्रजी, पण त्यांच्या मुळाशी असलेली कल्पना मराठी मुलखातली आहे. ती कुंडमपर्यंत कोणत्या वाटेने गेली आणि वाटेत तिची भाषा कशी बदलली, हे नीट पाहायला हवं. मजुराची चूल अशा शब्दांवर पेटते किंवा विझते.

तासगावची ठिणगी

वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. १९६० ते १९७८ इतका दीर्घ काळ ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. काम मागणाऱ्याला काम देणं ही सरकारची बांधिलकी असली पाहिजे, हा त्यांचा ध्यास. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात त्याचा पहिला प्रयोग झाला. मग १९७२ चा दुष्काळ आला आणि प्रयोगाची गरज सगळ्या राज्याला पटली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती.

त्या दिवसांनी मराठीला एक शब्दसंग्रह दिला. खडी फोडणं, पाझर तलाव, सुकडी, मिलो. ‘मिलो’ म्हणजे रेशनवर मिळालेली परदेशी लाल ज्वारी; ते नाव खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आजही त्या वर्षाची खूण म्हणून येतं. ‘नालाबंडिंग’ची कथा तर आणखी बोलकी. आपल्याकडचा बंध-बांध इंग्रजांनी उचलला, त्याचा ‘बंड’ केला, त्याला इंग्रजी प्रत्यय लावला आणि सरकारी कागदांतून तो शब्द पुन्हा आपल्याच शेताच्या कडेला आणून ठेवला. बांध घालणाऱ्या बाईनेही तो बिनतक्रार घेतला, कारण समोर काय चाललंय ते तिला दिसत होतं. डोळ्यांसमोरच्या कामाचा शब्द परका राहत नाही.

हमीला पैसा लागतो. त्यासाठी १९७५ मध्ये कायदा झाला: महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकऱ्या यांवरील कर अधिनियम. माणूस पोट भरण्यासाठी जे जे करतो ते सगळं या चार शब्दांत मावलं. करातून जेवढी रक्कम जमेल तेवढीच सरकारने आपल्याकडून घालायची, अशी योजनेची रचना. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर ‘पी. टी.’ म्हणून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, ते याच कराचे. या दोन अक्षरांमागे माळरानावर घमेलं उचलणारं एक माणूस उभं आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? आद्याक्षरांत ते नातं झाकून गेलं. ‘आजीविका कर’ असं लिहिलं असतं तर निदान कोणीतरी विचारलं असतं, कोणाची आजीविका?

१९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यानंतर तीन दशकांच्या आत तीच कल्पना दिल्लीने उचलली. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाचा हक्क दिला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता. २ फेब्रुवारी २००६ रोजी २०० जिल्ह्यांत सुरुवात झाली. विसापूरचा विचार इंग्रजी मसुद्यातून देशभर निघाला.

हजेरी, मस्टर, जाहिरात

आता या शब्दांच्या पोटात शिरू.

‘मस्टर’ हा मुळात फौजेचा शब्द. शिपाई रांगेत उभे करून मोजायचे, त्याची ही यादी. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला आणि त्याचं लॅटिन मूळ आहे ‘दाखवणे’. आपली ‘हजेरी’ अरबी-फारसीतून आली. ‘हाजिर’ म्हणजे समोर असलेला. ‘जाहिरात’ ज्या ‘जाहीर’वरून आली त्याचाही अर्थ उघड, डोळ्यांना दिसणारं. रोजगाराचे आणि जाहिरातीचे हे शब्द वेगवेगळ्या भाषांतून आले, तरी सगळ्यांच्या मुळाशी दिसणं आणि दाखवणं आहे. कोण आलं ते दिसावं, काय द्यायचं ते दिसावं.

परक्या शब्दांचं मराठीला कधी वावडं नव्हतं. ‘पगार’ आणि ‘लिलाव’ पोर्तुगीजांकडून आले, ‘दलाल’, ‘हमाल’, ‘मुकादम’ अरबीतून. आज त्यांना कोणी परका म्हणणार नाही. रोजगार हमीच्या कामावर देखरेख करणाऱ्याला मध्य प्रदेशात ‘मेट’ म्हणतात. मराठी मजुराच्या तोंडी त्या जागी ‘मुकादम’ येतो. एक शब्द इंग्रजी, दुसरा अरबी. मजुराला दोन्ही सारखेच कळतात, कारण तो माणूस समोर उभा असतो. म्हणून मला शब्दाच्या कुळाशी भांडायचं नाही. शब्द दाखवतो की लपवतो, एवढीच कसोटी.

‘मागणी’ घ्या. बाजाराच्या हिशेबात मागणी गिऱ्हाइकाची असते आणि मजूर हा पुरवठा असतो. या कायद्याने ते उलटवलं: मागणारा मजूर, आणि पुरवायची जबाबदारी सरकारची. महाराष्ट्रात ही मागणी ‘नमुना ४’वर लिहून देतात. त्याची तारखेसह पोच घेतली तरच १५ दिवस मोजता येतात. पोच नसेल तर भत्ता नाही. ‘डिमांड डाल दी’ एवढं ऐकून परतलेल्या बाईच्या हाती तो कागद नसेल, तर तिने हक्क बजावला नाही, नुसती विनंती केली. मागणी आणि याचना यांत अंतर असतं ते त्या तारखेच्या कागदाचं.

नागपूर-जबलपूर: एकाच छताखाली

सरकारी शब्दांच्या या प्रश्नाशी कुंडमचा आणि विदर्भाचा जुना, सामाईक संबंध आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. हिंदी आणि मराठी या दोन्ही तिथे राजभाषा मानल्या गेल्या. डॉ. रघुवीर यांनी याच काळात नागपुरात इंग्रजी पारिभाषिक शब्दांना संस्कृतावरून घडवलेले प्रतिशब्द देणारे प्रचंड कोश सिद्ध केले. पुढे महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झालं आणि पदनामांपासून न्यायव्यवहारापर्यंत अनेक परिभाषा कोश निघाले.

या कष्टांविषयी मनात आदरच आहे. राजभाषेला ताठ उभं राहायचं तर परिभाषा लागतेच. पण कोश कचेरीच्या टेबलापर्यंत पोचले. टेबलापलीकडे उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचले नाहीत. गोंडी बोलणाऱ्या घराला इंग्रजी ‘मस्टर रोल’ जितका दूरचा, तितकाच ‘ऑडिट’साठीचा संस्कृत ‘अंकेक्षण’ही.

वाचून दाखवलेली यादी

शब्द उघडण्याचा खरा मार्ग राजस्थानातल्या मजुरांनी दाखवला. १९९० मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांच्या नोंदी गावासमोर मोठ्याने वाचल्या गेल्या. अशा सुनवायांत कधी मेलेल्या माणसाचं नाव निघे, कधी कामावर न गेलेल्याचं. ‘मस्टर’ हा शब्द कोणी भाषांतरित केला नव्हता, फक्त ती यादी वाचून दाखवली होती, आणि तो मजुराच्या मालकीचा झाला. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यामागे याच चळवळीचं बळ होतं.

त्यानंतर मात्र मस्टर कागदावरून मोबाइलच्या पडद्यावर गेलं. १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवर एनएमएमएस या ॲपवर दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी सक्तीची झाली. मजुरीचा आदेश ‘एफटीओ’ झाला, अडकलेली मजुरी ‘रिजेक्ट’ झाली. जंगलातल्या कामावर नेटवर्क नसेल तर घाम गाळलेला दिवसही गैरहजेरीत जमा होऊ शकतो. कागदी यादीवर बोट ठेवून ‘माझं नाव कुठाय?’ असं विचारता येत होतं. एफटीओवर बोट कुठे ठेवायचं?

कुंडमच्या बाईला इंग्रजी शिकवून हा प्रश्न सुटणार नाही, आणि प्रत्येक आद्याक्षराला प्रतिशब्द घडवूनही सुटणार नाही. दर आठवड्याला पंचायतीच्या ओट्यावर, तिच्या बोलीत, नाव-दिवस-रक्कम मोठ्याने वाचली गेली पाहिजे. विसापुरातून निघालेली हमी तेवढ्या एका वाचनाने तिच्या दारात पोचेल. मस्टर म्हणजे दाखवणं. ते दाखवलं जात नाही तोवर त्या यादीला मस्टर म्हणायचा अधिकार सरकारला नाही.