कुलसंमेलनात बोलण्याआधी नाशिकची वही पाहावी

कुलसंमेलन म्हणजे एका कुळातील निरनिराळ्या शाखांच्या वंशजांचा मेळावा. त्यात अनेकदा कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याची वंशावळ, कुलदैवत व स्थलांतरे नोंदवणारा ग्रंथ, प्रकाशित होतो आणि अभ्यासक आपले संशोधन मांडतात. या मांडणीला नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा भक्कम आधार मिळतो, कारण रामकुंडावर श्राद्ध, अस्थिविसर्जन वा सिंहस्थस्नानासाठी आलेले यजमान त्यांत वडील, आजोबा, भाऊ, मुलगे व मूळ गाव यांची नोंद करत आले असून जुने लेख मोडी लिपीत आढळतात. शके १८१० ची नोंद इसवी सन १८८८-८९ ची असते, हे ध्यानात ठेवून वक्त्याने प्रत्येक पिढीपुढे मूळ शक द्यावा आणि केवळ ऐकीव नावे वेगळ्या खुणेने दाखवावीत.