सादळलेला तंबू

गणपती गेले, पाऊस ओसरला आणि राजपुरीहून जंजिऱ्याकडे जाणाऱ्या होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या, की मुरुड-काशीदच्या किनाऱ्यावर माळ्यावरचे तंबूही खाली येतात. चेन ओढली की आतून भपकारा येतो. त्याला मराठीत नेमका शब्द आहे: कुबट. तंबू भाड्याने देणाऱ्याचं नाक दोन मिनिटांत सरावतं आणि त्याला वाटतं, वास गेला. तो गेलेला नसतो, हे रात्री मुक्कामाला आलेला पुण्याचा पाहुणा सांगतो.

दोष अर्थातच पावसाला दिला जातो. माझाही अनेक वर्षं तोच समज होता. पण मुरुडसारख्या गावात हा वास बहुतेक वेळा मे महिन्यातच तंबूबरोबर घडी घालून ठेवलेला असतो, आणि त्याची सुरुवात बुरशीच्याही आधी मिठापासून होते.

कोकणातल्या स्वयंपाकघरात आषाढात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, हे कुणाला नवं नाही. त्यामागचं गणित सरळ आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण हवेतली वाफ ओढून घेतो आणि स्वतःच त्या पाण्यात विरघळतो. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. ते तर 33 टक्क्यांच्या आसपासच पाणी धरू लागतं. किनाऱ्यावर चार रात्री उभ्या राहिलेल्या तंबूच्या कापडावर खारे तुषार वाळून बसलेले असतात. हाताला फक्त किंचित चिकट, चरचरीत लागतं. उन्हात वाळवला म्हणून आपण तो गुंडाळून ठेवतो. जुलैत हवेची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर मुक्काम ठोकते, तेव्हा ते मीठ पिशवीच्या आत पाणी ओढत बसतं. छपरातून एक थेंबही गळलेला नसतो, तरी तंबू ओला. पापड सादळतो तसा तंबूही सादळतो.

यापुढचं काम बुरशीचं. कॉलेजात शिकवतात तितकी ती पाण्याला हपापलेली नसते. अॅस्परजिलस आणि पेनिसिलियमच्या काही जातींना पृष्ठभागावर 75 ते 80 टक्के ओलावा पुरतो, आणि 25 ते 30 अंश तापमान त्यांना मानवतं. म्हणजे आपला अख्खा पावसाळा. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा धागा त्यांना सहसा पचत नाही. त्यांची पंगत बसते ती कापडावरच्या मळावर: घामाचा तेलकटपणा, सांडलेलं कालवण, पायाबरोबर आलेली माती. फणसाडच्या जंगलात मुक्काम केला असेल तर पानगळीखालची माती हमखास येते आणि तिच्याबरोबर स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणूही येतात.

या जिवाणूंचं एक रसायन मजेदार आहे. जिओस्मिन हे त्याचं नाव. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या नॅन्सी गर्बर आणि ह्युबर्ट लेशेव्हालिए यांनी 1965 मध्ये ते वेगळं केलं. पहिल्या पावसात जो मृद्गंध येतो त्यातला मातीचा भाग मुख्यतः याचाच. तोच रेणू बंद तंबूत नाकाला नकोसा होतो. पाण्यात मिसळलेला असेल तर लिटरमागे 5 ते 10 नॅनोग्रॅम एवढ्यावर माणसाचं नाक तो ओळखतं. हिशेब केला तर दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये टेबल मिठाच्या एका कणाएवढं जिओस्मिन पुरे. सोबतीला बुरशीचं ऑक्टेनॉल असतं, अळंबीला तिचा वास देणारं. एवढ्या तीक्ष्ण नाकासमोर अत्तर किंवा डांबराची गोळी ठेवून काय साधणार? नाकाला एकाऐवजी दोन वास येतात, आणि त्या गोळीची वाफ रात्रभर बंद तंबूत झोपलेल्या माणसाच्या छातीत जाते.

सुती कनातींचं दुखणं याहून मोठं, कारण बुरशीला तिथे कापडच खाता येतं. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती सामान भराभर कुजू लागलं. सॉलोमन बेटांपैकी बोगनव्हिल इथल्या कुजक्या सुती कापडावरून एक बुरशी प्रयोगशाळेत नेली गेली. एल्विन रीस या संशोधकाने तिचा पिच्छा पुरवला आणि 1977 मध्ये तिला त्याचंच नाव मिळालं, ट्रायकोडर्मा रीसी. सेल्युलोजचे तुकडे करणारं तिचं विकर आज जीन्सला जुनाट रंग आणायला वापरतात, धुण्याच्या पावडरीत घालतात, पिकांच्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल करायलाही कामी आणतात. तंबू खाणारीला माणसाने नोकरीला ठेवलं!

वास घालवायचा तर आधी तो कसला आहे ते ओळखावं. मातकट, कुबट असेल तर आशा आहे. आंबूस, ओकारीसारखा असेल आणि कापडाची आतली बाजू बोटाला चिकटत असेल, पापुद्रे सुटत असतील, तर ती बुरशीच आहे असं समजू नये. पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर ओलाव्याने स्वतःच विघटित होऊ लागलेला असतो. तो धुऊन परत येत नाही, मग कितीही साबण ओता.

कुबट तंबू उघड्यावर नेऊन, नाकाला रुमाल बांधून, मऊ ब्रशने कोरडाच झाडावा. मग गोड्या, कोमट पाण्यात सौम्य साबण. मशीन नको, ब्लीच नको, दोन्हींनी थर आणि शिवणी जातात. त्यानंतर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी यात तासभर भिजवून भरपूर पाण्याने खळबळावा. आम्लाने बुरशीची वाढ दबते. जिओस्मिनचा रेणूही आम्लात मोडून अर्गोस्मिन या बिनवासाच्या पदार्थात बदलतो, मात्र ते झपाट्याने व्हायला तीव्र आम्ल लागतं, व्हिनेगरकडून चमत्काराची अपेक्षा नको. काळे ठिपके बहुधा राहतील, तो बुरशीचा रंग आहे. वाळवताना तंबू पूर्ण उभा करावा, वारा लागेल अशा सावलीत. कडक उन्हाने बुरशी मरते हे खरं, पण त्याच अतिनील किरणांनी नायलॉनही विरतं.

आता साठवणीचं. परदेशी पुस्तिका सांगतात, तंबू हवेशीर सुती पिशवीत सैल ठेवा. ज्यांच्या घरातली हवा कोरडी त्यांना ते ठीक. मुरुडला जुलैत हवेशीर म्हणजे ओलाशीर. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीतल्या हवेत 28 अंशांवर आणि 85 टक्के आर्द्रतेला अर्ध्या लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपात असतं. बुटांच्या खोक्यातून आलेली सिलिका जेलची पुडी त्यातलं किती पिणार? स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, म्हणजे दोनेक चमचेसुद्धा नाही. घट्ट झाकणाच्या दोनशे लिटरच्या निळ्या पिंपात मात्र हवेतलं पाणी जेमतेम पाच ग्रॅम भरतं. तिथे शंभर ग्रॅम जेल राज्य करतं.

आगोटीची बेगमी करणाऱ्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत: मेच्या उन्हात खडखडीत वाळवायचं आणि पहिल्या सरीच्या आत डबा बंद. तंबूलाही तोच नियम, फक्त आधी मीठ गोड्या पाण्याने काढलेलं हवं आणि शिवणींच्या दुमडीत ओल उरलेली नको, नाहीतर हेच पिंप बुरशीची खानावळ होईल. दुपारी दोन-तीनच्या सुमारास, हवा सर्वांत कोरडी असताना झाकण लावावं आणि गणपती होईपर्यंत उघडून बघण्याचा मोह टाळावा. पिंप उसनं आणणार असाल तर त्यात आधी सुकट नव्हती ना, एवढं मात्र विचारून घ्या.