चार्जर जळतो, पण घर का पेटत नाही? सर्किट बोर्डमधल्या रेझिनची गोष्ट

खराब झालेला मोबाइल चार्जर कधी उघडून बघितलाय? आत एक हिरवी किंवा तपकिरी पट्टी असते आणि तिच्यावर बारीक पार्ट सोल्डर केलेले असतात. यातला एखादा पार्ट फुटतो, काळा डाग पडतो, जळका वास येतो आणि चार्जर बंद पडतो. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. आग बाजूच्या पडद्यापर्यंत पोहोचत नाही, याचं बरंचसं श्रेय त्या पट्टीला जातं.

हिरव्या पट्टीच्या मटेरियलचं नाव एफआर-४. यातलं एफआर म्हणजे 'फ्लेम रिटार्डंट', थोडक्यात आग रोखून धरणारं. काचेच्या धाग्यांचं कापड इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून, दाबून, तापवून ही शीट बनते. इपॉक्सी आपल्याला नवीन नाही, दोन ट्यूब एकत्र करून लावतात ते अ‍ॅराल्डाइट म्हणजे इपॉक्सीच. अडचण एकच, साधं इपॉक्सी व्यवस्थित जळतं.

मग ते जळू नये म्हणून काय करतात?

त्यासाठी आधी आग कशी लागते ते बघू. प्लॅस्टिक किंवा रेझिन थेट पेटत नाही. उष्णतेने ते तुटतं, त्यातून वायू निघतात आणि ज्वाला धरते ती या वायूंमुळे. ज्वालेत हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय चंचल कण तयार होतात. ते एकातून एक प्रक्रिया सुरू ठेवतात आणि आग भडकत जाते.

एफआर-४ मध्ये ही साखळी तोडायचं काम ब्रोमीन करतं. रेझिन तापलं की त्यातून हायड्रोजन ब्रोमाइड बाहेर पडतो आणि त्या चंचल कणांना पकडतो. इंधन असतं, हवा असते, तरीही ज्वाला मान टाकते.

दुसरा मार्ग फॉस्फरसचा. त्याची संयुगं जळताना रेझिनच्या पृष्ठभागावर कोळशाचा थर तयार करतात, त्यामुळे आतलं रेझिन झाकलं जातं. तिसरा उपाय तर अगदीच घरगुती वाटेल, तो म्हणजे पाणी. अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडची पांढरी पावडर रेझिनमध्ये मिसळतात. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे ती वाफ सोडायला लागते आणि त्यात उष्णता खर्च होते. मात्र ही पावडर भरपूर घालावी लागते, मग रेझिन घट्ट होतं आणि साच्यात ओतणं कठीण जातं.

काही रेझिनना मुळातच आगीचं वावडं असतं. जुन्या घरांतले काळे बॅकेलाइटचे स्विच आठवतात? ते फिनॉलिक रेझिन, लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये शोधलेलं. ते वितळून ठिबकत नाही, त्याचा कोळसा होतो आणि धूरही कमी येतो. म्हणूनच विमान आणि रेल्वेच्या डब्यांतल्या आतल्या पॅनेलसाठी आजही फिनॉलिक वापरतात. बंद डब्यात माणसं ज्वालेच्या आधी धुराने गुदमरतात, त्यामुळे तिथे कमी धुराला फार किंमत आहे.

हे सगळं तपासतात कसं? 'यूएल ९४' ही यासाठीची प्रसिद्ध चाचणी. पट्टी उभी टांगून तिला खालून १० सेकंद ज्योत लावतात, ती विझली की पुन्हा १० सेकंद. 'व्ही-०' दर्जा हवा असेल तर दोन्ही वेळा पट्टी १० सेकंदांच्या आत आपोआप विझली पाहिजे आणि तिच्यातून गळणाऱ्या थेंबांनी खाली ठेवलेला कापूस पेटता कामा नये.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. व्ही-० म्हणजे 'फायरप्रूफ' नाही. छोटी ठिणगी मोठी होऊ नये, एवढंच त्याचं काम. लिथियम-आयन बॅटरीचा सेल आतूनच तापत सुटला, तर भोवतालचं रेझिन फक्त वेळ मिळवून देतं. इलेक्ट्रिक स्कूटरवरून उतरून लांब जायला तो वेळ पुरला, तरी खूप झालं.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पीबीबी नावाचं ब्रोमीनयुक्त अग्निरोधक चुकून गुरांच्या खाद्यात मिसळलं गेलं. एकाच कंपनीत दोन पावडर बनत होत्या, त्यांच्या पोत्यांची अदलाबदल झाली. सुमारे ३० हजार गुरं आणि १५ लाख कोंबड्या माराव्या लागल्या. हे रसायन शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षं टिकून राहतं. आज भारतातही इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये पीबीबी आणि त्याच्याच जातीच्या पीबीडीईवर ०.१ टक्क्याची मर्यादा आहे.

एफआर-४ मधलं ब्रोमीन वेगळं. त्याचं संयुग, टीबीबीपीए, रेझिनच्या साखळीतच जोडलेलं असतं, त्यामुळे वापरात असताना ते सहसा सुटं होत नाही. खरा धोका बोर्ड भंगारात गेल्यावर सुरू होतो. तांबं काढण्यासाठी ते उघड्यावर जाळले, तर ब्रोमीनयुक्त डायॉक्सिनसारखी विषारी रसायनं तयार होतात आणि तो धूर आधी जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. त्यामुळे अनेक कंपन्या आता फॉस्फरसवर चालणारे 'हॅलोजन-फ्री' बोर्ड वापरतात. त्यात ब्रोमीन १० लाख भागांत ९०० भागांपेक्षा जास्त चालत नाही. पण घरातल्या ड्रॉवरमध्ये पडलेले जुने फोन आणि चार्जर बहुतेक ब्रोमीनवालेच आहेत. ते भंगारवाल्याला देण्याऐवजी अधिकृत ई-कचरा केंद्रात दिले, तर ते बोर्ड उघड्यावर जळण्याची शक्यता कमी होते.