वाढदिवस बाळाच्या कलाने

पहिल्या-दुसऱ्या वाढदिवसाला सभागृह, ध्वनिक्षेपक, मोठा केक आणि शंभरेक पाहुणे असा घाट अनेक शहरी घरांत घातला जातो. उत्सवमूर्ती मात्र पुष्कळदा केक कापण्याआधीच रडून थकलेली असते. हा हट्टीपणा नव्हे. अनोळखी चेहरे, गोंगाट आणि झोपमोड हे सारे एकाच वेळी इतक्या लहान मुलाला पेलवत नाही. म्हणून बेत आखावा तो बाळाच्या कलाने.

वेळ व पाहुणे : दुपारची झोप व खाणे आटोपल्यावर, साधारण साडेचार ते सहा, असा दीड तास पुरेसा असतो. समाप्तीची वेळही निमंत्रणातच सांगावी. आजी-आजोबा, आत्या-मावशी आणि शेजारची चार मुले एवढा गोतावळा पुरे. या वयाची मुले बहुधा शेजारी बसूनही आपापलेच खेळतात. त्यामुळे स्पर्धा घेण्याऐवजी सतरंजीवर रिकामी खोकी, वाट्या-डबे आणि मोठे चेंडू मांडून ठेवावेत.

औक्षण : बाळ ताजेतवाने असतानाच औक्षण उरकावे. निरांजन त्याच्या हाताला लागणार नाही इतके दूर धरावे. ओवाळून होताच तबकातील सुपारी आणि अंगठी उचलून ठेवावी. दोन्ही वस्तू बाळाच्या घशात अडकण्याजोग्या असतात.

खाऊ : खरी दक्षता येथे हवी. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या आणि अख्खी द्राक्षे श्वासमार्गात अडकू शकतात. मोठ्यांसाठी केलेला चिवडा बुटक्या टेबलावर ठेवला, तर त्यातले दाणे बाळाच्या हाती सहज लागतात. मुलांसाठी मऊ इडली, मुगाची खिचडी, केळ्याचे लहान काप असे पदार्थ करावेत. प्रत्येकाला बसवूनच भरवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६ ते २३ महिन्यांच्या बालकांना साखरेचे प्रमाण अधिक असलेले पदार्थ देऊ नयेत. तेव्हा केक लहानच आणावा आणि बाळापुरता तो नावालाच असावा. पाहुण्यांत वर्षाच्या आतील तान्हे असल्यास त्याला मध मुळीच चाटवू नये. त्यातील जिवाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

सजावट : फुटलेल्या रबरी फुग्याचा तुकडा घशाला चिकटून श्वास रोखू शकतो. हवेत तरंगणाऱ्या फुग्यांत हायड्रोजन भरलेला असेल, तर मेणबत्तीच्या ज्योतीनेही भडका उडतो. त्यापेक्षा झेंडूचे तोरण आणि उंचावर बांधलेल्या कागदी पताका अधिक शोभून दिसतात.

भेटवस्तू : आलेल्या भेटी पाहुणे गेल्यावर मोठ्यांनीच उघडाव्यात. लुकलुकणाऱ्या खेळण्यांत बटणासारखे चपटे सेल असतात. असा सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. तशी नुसती शंका आली तरी विनाविलंब रुग्णालय गाठावे. पाहुण्या मुलांना परतभेट म्हणून जाड पुठ्ठ्याच्या पानांचे चित्रपुस्तक द्यावे.

आपला पहिला वाढदिवस बाळाच्या स्मरणात राहत नाही. तो राहतो आई-वडिलांच्या आणि आजी-आजोबांच्या. ती आठवण रडून बेजार झालेल्या बाळाची नसावी, एवढ्यासाठी हा साधेपणा.